पापणीच्या कडेचे तेल

दुकान उघडून गादीवर बसल्यास तासभर होतो न होतो तोच डोळे चुरचुरू लागतात. दुपारी त्यांत वाळूचा कण गेल्यासारखे खुपते. सायंकाळी हिशेबाचे आकडे पुसट दिसू लागतात. पापणी मिटून उघडली की क्षणभर स्वच्छ दिसतात व पुन्हा विरतात. वाऱ्यावर उभे राहिले की डोळ्यांतून घळघळा पाणी येते आणि पहाटे उठताना पापण्या एकमेकींस चिकटलेल्या असतात. ही तक्रार आपल्या सभासद बंधूंस नवी नाही. चार व्यापारी एकत्र बसले असता त्यांतील एखादा तरी उपरण्याच्या अथवा रुमालाच्या टोकाने डोळे टिपताना दिसतो. असे गृहस्थ नेत्रवैद्याकडे गेले म्हणजे तो सांगतो, की हा कोरड्या डोळ्यांचा विकार आहे. ज्याच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली आहे त्यास डोळे कोरडे आहेत असे सांगितले, तर त्याला ती थट्टा वाटावी यात नवल नाही. पुष्कळ जण एवढे ऐकून घरी परततात आणि पुन्हा त्या वैद्याचे तोंड पाहत नाहीत.

परंतु वैद्याचे म्हणणे खरे असते. ते खरे कसे, आणि त्यावर काय करावे, हे थोडे विस्ताराने सांगण्याचा येथे हेतू आहे.

डोळ्याच्या पुढील पृष्ठभागावर अश्रूंचे एक अत्यंत पातळ पटल सदैव पसरलेले असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील सुमारे तीन भाग, एवढीच त्याची जाडी. आपण त्यास केवळ पाणी समजतो. वस्तुतः त्यात बुबुळास चिकटून राहणारा श्लेष्मल पदार्थ असतो, त्यात मिसळलेले क्षारयुक्त पाणी असते, आणि सर्वांच्या वर तेलाचा एक थर असतो. हा तेलाचा थर एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. तथापि डोळ्याचे सारे स्वास्थ्य त्यावर अवलंबून आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पाण्याची वाफ होऊ न देणे हे त्याचे काम. तो थर विरळ झाला अथवा तुटला, की खालचे पाणी भराभर उडून जाते, अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते, पृष्ठभाग चुरचुरतो, आणि मेंदूस वार्ता पोहोचते की डोळ्यात काही तरी गेले आहे. तो बिचारा अश्रुग्रंथीस हुकूम सोडतो आणि पाण्याचा लोंढा येतो. पण या लोंढ्यात तेल नसते. तो गालावरून ओघळून जातो आणि डोळा पूर्ववत् कोरडा राहतो. पाणी वाहणे व डोळे कोरडे असणे या दोन गोष्टी एकाच वेळी कशा असू शकतात, याचा उलगडा हा असा आहे.

हे तेल येते कोठून? आरशापुढे उभे राहून खालची पापणी बोटाने किंचित बाहेर ओढावी आणि केसांच्या ओळीच्या मागे, डोळ्याच्या बाजूस, कडेवर नीट पाहावे. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक छिद्रांची एक ओळ दृष्टीस पडेल. प्रत्येक छिद्राच्या मागे पापणीच्या आत उभी लांबट ग्रंथी असते. वरच्या पापणीत अशा २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. जर्मनीतील हेल्मश्टेट येथील विद्यापीठात अध्यापन करणारे हाइनरिख मायबोम या वैद्याने १६६६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून वैद्यकात त्या मायबोमच्या ग्रंथी याच नावाने ओळखल्या जातात. पापण्यांच्या रोगांकडे आपल्याकडे त्याहूनही पुष्कळ आधी बारकाईने पाहिले गेले होते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ दिली असून त्यांपैकी २१ रोग एकट्या पापणीचे म्हणून वेगळे काढले आहेत. शुष्काक्षिपाक या नावाचा रोगही त्यात आहे. नावे जुळली म्हणून रोग तोच, असे मात्र घाईने म्हणू नये.

मायबोमनंतर तीनशे वर्षे या ग्रंथी पुस्तकांत होत्या, पण रुग्णाच्या तक्रारीशी त्यांची सांगड क्वचितच घातली गेली. डोळे कोरडे म्हणजे पाणी कमी, असाच सर्वसाधारण समज होता. १९८० साली कॉर्ब व हेन्रिकेझ या अमेरिकेतील संशोधकांनी डोळ्यावर भिंग बसवून घेणाऱ्या, परंतु ते सहन न होणाऱ्या लोकांच्या पापण्या तपासल्या, आणि त्यांच्या ग्रंथींची तोंडे बुजलेली असल्याचे दाखविले. त्यानंतर या विषयाकडे लक्ष वेधले. २०११ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या विकाराची व्याख्या ठरविली. कोरड्या डोळ्यांच्या बहुसंख्य रुग्णांत पापणीच्या तेलाचा दोष मुख्य अथवा निदान भागीदार असतो, हे आता सर्वमान्य आहे.

बिघाड होतो तो असा. निरोगी ग्रंथीचे तेल शरीराच्या उष्णतेवर पातळ व निर्मळ असते. डॉक्टरने पापणी हलकेच दाबली की गाळलेल्या गोडेतेलासारखा थेंब छिद्रावर येतो. विकार जडला की तेच तेल गढूळ होते, पुढे घट्ट होते, आणि अखेर दंतमंजनाच्या मलमासारखी वळी बाहेर येते, किंवा काहीच येत नाही. थंडीच्या दिवसांत बेळगावकडे सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेल आहे, बाटली भरलेली आहे, पण ते गोठले आहे. रोगी पापणीत असेच घडते. त्यातच छिद्राच्या आतील अस्तराची त्वचा जाड होऊन बूच बसते. मागे तेल साचत राहते, त्याचा दाब ग्रंथीवर पडतो आणि ती हळूहळू वाळत जाते. बूच निघू शकते. गोठलेले तेल पातळ होऊ शकते. परंतु एकदा वाळून गेलेली ग्रंथी पुन्हा उगवेल असा भरवसा आजच्या वैद्यकास देता येत नाही. व्याज थकले तर वसूल करता येईल, पण येथे हळूहळू मुद्दलच बुडत असते, आणि म्हणून लवकर उपचार करण्यास महत्त्व आहे. एखाद्याच ग्रंथीचे तोंड बंद होऊन ती फुगली म्हणजे पापणीवर वाटाण्याएवढी, बहुधा न दुखणारी गाठ येते. आपल्याकडे तिलाही सरसकट रांजणवाडी म्हणतात; खरी दुखरी, पिकणारी रांजणवाडी निराळी.

हा विकार कोणास होतो? वय वाढते तसा तो वाढतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत अधिक दिसतो. ज्यांच्या गालांवर व नाकावर कायमची लाली व पुटकुळ्या असतात, डोक्यात व भुवयांत कोंडा असतो, त्यांच्या पापण्याही सहसा सुरक्षित नसतात. तारुण्यपिटिकांवर देण्यात येणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध त्वचेतील तेल आटविते, तेव्हा पापणीचे तेलही आटविते. लग्न ठरलेल्या मुलामुलींस हे औषध घेण्याची घाई असते, त्यांच्या आईवडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे. पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारा डेमोडेक्स नावाचा, डोळ्यांनी न दिसणारा जीवही काहींच्या बाबतीत कारण असतो. केसांच्या मुळाशी नळीसारखा कोंडा दिसला म्हणजे डॉक्टर त्याचा तर्क करतात.

याखेरीज आपल्या धंद्याचा वाटा आहे, आणि तो लहान नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ज्याने हंगामभर काढला आहे, ब्याडगीच्या मिरचीच्या बाजारात ज्याची ये-जा आहे, अथवा कापडाच्या गठ्ठ्यांची धूळ जो रोज गिळतो, त्यास डोळे लाल होण्याचे कारण सांगावयास नको. पण धूळ ही जुनी गोष्ट आहे. नवी गोष्ट आहे ती बसण्याची. पूर्वीचे मुनीम गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरते मेज घेऊन खतावणी लिहीत. नजर खाली असे, त्यामुळे वरची पापणी अर्ध्याहून अधिक डोळा झाकून ठेवी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि लहानसहान दुकानातही संगणकाचा पडदा डोळ्यांच्या समोर, किंबहुना डोळ्यांहून वर, येऊन बसला. समोर पाहताना डोळा पूर्ण उघडा राहतो व उघड्या पृष्ठभागावरून अधिक पाणी उडते. शिवाय मनुष्य सामान्यतः मिनिटास पंधराएक वेळा पापण्या लववितो; पडद्याकडे टक लावून बसला की ही संख्या निम्म्याहूनही खाली जाते, आणि ज्या लवतात त्याही अर्धवट लवतात. पापणी पूर्ण मिटून उघडली म्हणजेच ग्रंथींवर दाब पडून तेल बाहेर येते व सर्वत्र पसरते. न लवणारी पापणी म्हणजे न हलविलेला पंप. त्यातच वातानुकूलन यंत्राचा झोत थेट तोंडावर आणि रात्री डोक्यावर भरवेगाने पंखा. मुनीमजींचे मेज परत आणता येणार नाही. पण पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वीतभर खाली ठेवणे, झोताची दिशा बदलणे आणि दर वीस मिनिटांनी नजर दूर टाकून सावकाश, पूर्ण, दहा-बारा वेळा पापण्या मिटणे यास एक पैसाही खर्च येत नाही.

काजळाविषयी लिहिले पाहिजे, जरी ते भगिनींस रुचणार नाही. पापणीच्या आतील कडेवर ओढलेली काजळाची रेघ बरोबर त्या छिद्रांच्या ओळीवरून जाते. काजळी, तूप, मेण यांचे ते मिश्रण छिद्रांत बसते, आणि काही अश्रूंत उतरते. ज्यांस हा विकार आहे त्यांनी काजळ केसांच्या बाहेरच्या बाजूस लावावे व रात्री पुसून निजावे. सुरमा मात्र सर्वांनीच टाळावा. त्याच्या कित्येक प्रकारांत शिसे असते आणि ते तान्ह्या मुलांच्या शरीरात जाऊन भयंकर अपाय करते.

आता उपचारांकडे वळू. आणि त्यांतही प्रथम काय करू नये याकडे. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका कापडाच्या व्यापाऱ्याचे डोळे नेहमी लाल असत. एका औषधविक्रेत्याने त्यांस एक लहानशी बाटली दिली. दोन दिवसांत डोळे शुभ्र झाले. तेव्हापासून बाटली संपली की दुसरी आणावयाची, असा क्रम कित्येक वर्षे चालला. डॉक्टरचे तोंड पाहण्याची गरज भासली नाही. पुढे रस्त्याने चालताना बाजूची माणसे व वाहने दिसेनाशी झाली, तेव्हा तपासणी झाली. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. त्याने डोळ्यातील दाब वाढला होता, दुखले काहीच नव्हते, आणि दृष्टीच्या मज्जातंतूचा मोठा भाग नष्ट झाला होता. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. आज ते गृहस्थ पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून पेढीवर येतात. स्टेरॉइडचे थेंब हे वाईट औषध नव्हे. पापणीचा दाह भडकला असता नेत्रतज्ज्ञ ते मोजक्या दिवसांसाठी देतात, मधून मधून दाब मोजतात व बंद करतात. परंतु जे औषध दोन दिवसांत चमत्कार करते तेच चिठ्ठीवाचून वर्षानुवर्षे घातले जाते, यात धोका आहे. घरातील प्रत्येक नेत्रबिंदूच्या बाटलीवरील घटकांची नावे आजच वाचून काढावीत आणि शंका आल्यास डॉक्टरांस दाखवावीत. केवळ लाली उतरविणारे, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे थेंबही असेच फसवे. सोडले की लाली पूर्वीपेक्षा जास्त होते. गुलाबपाणी, मध, कच्चे एरंडेल, यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. मध तर आपल्या पुष्कळ घरांत वर्ज्यच आहे, तेव्हा एका संकटातून आपण आपोआप सुटलो.

खरा पहिला उपचार म्हणजे शेक. गोठलेल्या खोबरेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो किंवा गरम पाण्यात बुडवितो. येथे तेच करावयाचे आहे. पापणीस सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब पाच ते दहा मिनिटे सतत मिळाली पाहिजे. येथेच बहुतेकांचे चुकते. ते गरम पाण्यात रुमाल बुडवितात, डोळ्यांवर ठेवतात, आणि तसाच दहा मिनिटे पडून राहतात; रुमाल तर दोनच मिनिटांत निवलेला असतो. अशा शेकाने काही होत नाही, आणि मग शेकाचा उपयोग नाही अशी तक्रार येते. दोन स्वच्छ पंचे घ्यावेत, झाकलेल्या भांड्यात गरम पाणी ठेवावे, आणि दर दोन मिनिटांनी पंचा बदलावा. याचा कंटाळा येत असल्यास सुती कापडाच्या पिशवीत जवस अथवा तांदूळ भरून ती तव्यावर कोरडीच ऊन करावी. तिची ऊब बराच वेळ टिकते. प्रत्येक वेळी प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. चटका बसता कामा नये. ४५ अंशांच्या पुढे पापणीची नाजूक त्वचा भाजू शकते, आणि मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी दुसऱ्याकडून पारख करवून घ्यावी. डोळे मिटलेले असावेत व त्यांवर जोर देऊ नये.

शेक संपताच, तेल पुन्हा गोठण्यापूर्वी, स्वच्छ धुतलेल्या बोटाने पापणी निपटावी. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, अशी केसांच्या ओळीकडे. आठ-दहा वेळा, हलक्या हाताने. बुबुळ चोळावयाचे नाही. दाब पापणीवर हवा, डोळ्यावर नव्हे. त्यानंतर कापसाचा बोळा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्याच्या केसांच्या मुळाशी आडवा फिरवावा, म्हणजे सुटलेला मळ व कोंडा निघून जाईल. आपल्या कित्येक घरांत उकळलेले पाणी सदैव तयार असतेच. पूर्वी लहान मुलांचा शाम्पू पाण्यात मिसळून वापरण्यास सांगत. आता त्यापेक्षा पापण्यांसाठीच तयार केलेली द्रव्ये बरी, असे मत आहे. प्रत्येक डोळ्यास वेगळा बोळा घ्यावा.

हे सर्व सकाळ-सायंकाळ, निदान महिना-दीड महिना केल्यावाचून गुण दिसत नाही, आणि गुण दिसल्यावरही दिवसातून एकदा चालू ठेवावे लागते. दंतमंजनास आपण उपचार समजत नाही. तसेच याकडेही पाहावे. लोक महागडे थेंब आणतात आणि शेक सोडून देतात, कारण थेंबांस पैसे पडतात म्हणून त्यांवर विश्वास बसतो. व्यापाऱ्यांनी तरी या हिशेबात फसू नये.

थेंबांविषयी थोडक्यात सांगतो. कृत्रिम अश्रू दोष दुरुस्त करीत नाहीत, तेवढ्यापुरता आराम देतात. पण आरामालाही किंमत आहे. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेले थेंब मागावेत, कारण बाटली टिकावी म्हणून घातलेले बेन्झाल्कोनियम क्लोराइड डोळ्याच्या पृष्ठभागास स्वतःच इजा करते. काचबिंदूचे थेंब आयुष्यभर घालणाऱ्यांनी हे अवश्य विचारावे. ते थेंब मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. पापणीच्या दोषात तेलयुक्त थेंब अधिक सोयीचे पडतात. यांतील कित्येकांत शुद्ध केलेले एरंडेल असते. जगातील एरंडीचे सर्वांत मोठे पीक भारताचे व त्यातही गुजरातचे, तेव्हा बडोद्याकडील आपल्या बंधूंस ही वार्ता ऐकून संतोष वाटेल. हायलुरोनेटचे थेंब घेताना काही जण शंका विचारतात. हा पदार्थ पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत, आता तो बहुतांशी किण्वनाने तयार होतो. तरीही ज्यांचे समाधान होत नाही त्यांस वनस्पतीच्या तंतूपासून केलेल्या कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब मिळतात.

यावरून मनात राहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींस या विकारासाठी माशाच्या तेलाच्या गोळ्या सुचविण्यात आल्या. ओमेगा-३ नावाचे स्निग्धाम्ल त्यात असते व त्याने डोळ्याचे तेल सुधारते, अशी त्या काळी दृढ समजूत होती. मातोश्रींनी साफ नकार दिला. मुलांनी समजावले, सुनांनी विनविले, औषधास दोष नाही म्हणून दाखले दिले. घरात आठवडाभर अबोला झाला. त्या म्हणाल्या, डोळे गेले तरी चालतील. पुढे २०१८ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या परीक्षणाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ५३५ रुग्णांची वाटणी करून काहींस रोज ३००० मिलिग्रॅम माशाचे ओमेगा-३ आणि काहींस त्याच रूपात ऑलिव्हचे तेल वर्षभर दिले होते. दोन्ही गटांत सुधारणा झाली, परंतु एकात दुसऱ्याहून अधिक झाली नाही. मातोश्रींनी गोळ्या नाकारून काही गमावले नव्हते. जवसात वनस्पतिजन्य ओमेगा-३ असते, त्याचे फार थोडे रूपांतर शरीर करू शकते. म्हणून जवसाची चटणी औषध म्हणून नव्हे, भाकरीबरोबर चांगली लागते म्हणून खावी.

शेकाने भागत नाही तेव्हा डॉक्टर पोटात घेण्यास डॉक्सिसायक्लिन देतात. जंतू मारण्यापेक्षा दाह शमविणे आणि तेल बिघडविणाऱ्या जंतूंच्या पाचकरसास आवर घालणे, हा येथे त्याचा उपयोग; म्हणून ते कमी मात्रेत पण काही आठवडे अथवा महिने घ्यावे लागते. ते जिलेटिनच्या वेष्टनात येते तसे साध्या वडीच्या रूपातही येते, एवढे डॉक्टरांस सांगून ठेवावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पाडते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी व नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी ती रात्री घोटभर पाण्याने उरकू नये. सकाळच्या न्याहारीनंतर घ्यावी, आणि पर्युषणात दीर्घ उपवास करावयाचे असतील तर ते आधी सांगून उपचाराचे दिवस मागेपुढे करून घ्यावेत. हे औषध गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस देत नाहीत. ते चालू असता उन्हाने त्वचा भाजते.

आता यंत्रे. पापणीस आतून सुमारे ४२ अंशांची ऊब देऊन बाहेरून दाबणारे एक यंत्र अमेरिकेत २०११ साली मान्य झाले. बारा मिनिटांत काम होते. गालांवर प्रकाशाचे तीव्र झोत सोडण्याचीही पद्धती आहे. ती अमेरिकेतील डॉ. तोयोस यांनी पुढे आणली. चेहऱ्याच्या लालीवर हा उपचार घेणाऱ्यांचे डोळेही बरे वाटू लागले, असे त्यांच्या ध्यानात आले होते. तिचा काहींस गुण येतो यात शंका नाही, पण किती जणांस व किती काळ, याविषयी पुराव्यांत एकमत नाही; शिवाय गडद वर्णाच्या त्वचेवर या प्रकाशाने डाग अथवा भाजण्याची भीती असते, आणि आपल्यापैकी पुष्कळांची त्वचा त्या वर्गात मोडते. मोठ्या शहरांत हे उपचार मिळू लागले आहेत व त्यांचे दरही मोठे आहेत. आमचे मत विचाराल तर, महिनाभर शेक प्रामाणिकपणे केल्यावाचून कोणीही यंत्रापुढे बसू नये. आणि बसण्यापूर्वी आपल्या ग्रंथींचे अवरक्त किरणांनी काढलेले छायाचित्र दाखविण्यास सांगावे. ग्रंथी शिल्लकच नसतील तर यंत्र कोणास दाबणार?

काही लक्षणे अशी आहेत की त्यांत घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. डोळा एकदम दुखू लागणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अचानक मंदावणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांत त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. तोंडही सतत कोरडे पडत असेल व सांधे दुखत असतील, तर तो निराळा, साऱ्या शरीराचा रोग असू शकतो, स्वीडनचे डॉ. श्योग्रेन यांनी १९३३ साली त्याचे वर्णन केले. आणि उतारवयात पापणीवरील गाठ काढूनही त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल, तेथील केस गळत असतील, तर तिचा तुकडा तपासणीस पाठविण्याचा आग्रह धरावा. याच तेलग्रंथींचा कर्करोग असतो, पाश्चात्त्य देशांहून आपल्याकडे तुलनेने अधिक आढळतो, आणि कित्येक महिने रांजणवाडी म्हणून त्याला शेक दिला जातो.

शेवटी मोतीबिंदूची गोष्ट, कारण आपल्या समाजातर्फे अनेक गावी शिबिरे भरतात व पुष्कळांचे वडील त्यांत शस्त्रक्रिया करवून घेतात. डोळ्यात बसवावयाच्या भिंगाचा आकडा बुबुळाच्या वक्रतेच्या मापावरून काढतात. अश्रुपटल तुटके असेल तर ते माप चुकते, आणि उत्तम हाताने केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही दृष्टी मनासारखी येत नाही. वर शस्त्रक्रियेमुळे कोरडेपणा काही महिने वाढतो तो वेगळाच. म्हणून शिबिराची तारीख घेण्यापूर्वी पापण्यांची कड तपासून घ्यावी. दोष असल्यास पाच-सहा आठवडे शेक व औषध करावे, मापे पुन्हा घ्यावीत, आणि दोन्ही वेळची मापे जुळली म्हणजे मग भिंग मागवावे. मोतीबिंदू सहसा इतके आठवडे थांबतो. थांबण्यासारखा नसेल तर डॉक्टर तसे सांगतील.